बुरशीने घडवलेली चांदी



माघ महिन्यात रेणापूरच्या शिवारातून कुठल्याही वाटेने चालत गेलात, तरी हरभऱ्याची शेते दिसतात. घाटे भरत आलेले असतात. अशा हिरव्या रानात मध्येच एखादे झाड मान टाकून उभे असते. जमिनीत ओल आहे, कीड कुठे दिसत नाही, शेजारची झाडे टवटवीत आहेत. हे एकच झाड मात्र वाळत चालले आहे. शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणतो, "मर लागली." ते झाड उपटून त्याचे खोड उभे चिरले, की आत तपकिरी-काळसर रेघ दिसते. मुळांनी शोषलेले पाणी ज्या नलिकांतून वर चढते, त्या नलिकांत एका बुरशीने ठाण मांडलेले असते. पायाशी ओल असूनही झाड तहानेने मरते.

या बुरशीचे शास्त्रीय नाव फ्युझेरियम ऑक्झिस्पोरम. जात एकच, पण तिचे उपप्रकार पुष्कळ आहेत. एक उपप्रकार हरभऱ्यावर येतो, दुसरा केळीवर, तिसरा टोमॅटोवर, चौथा कपाशीवर. आपल्या तुरीला मर लावणारी फ्युझेरियम उडम ही हिचीच चुलत बहीण.

शेतकऱ्याची ही वैरीण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मात्र निराळ्याच कामाला लागली. तेथील शास्त्रज्ञांनी या जातीची बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली. तीन दिवसांत तिने त्या द्रावणात चांदीचे अतिशय बारीक कण तयार केले. त्यासाठी भट्टी पेटवावी लागली नाही, की कुठलेही जहाल रसायन ओतावे लागले नाही. हे कसे घडले, आणि अशा पद्धतीला 'पर्यावरणाला अनुकूल' म्हणताना काय काय तपासून पाहावे, हे आज आपण पाहू या.

एका तोळ्याचे सहा गुंठे

प्रथम हे कण किती लहान असतात ते समजून घेऊ. एका मीटरचे अब्ज, म्हणजे शंभर कोटी, भाग केले तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. बरेचसे जीवाणू १,००० नॅनोमीटरच्या आसपास लांबीचे असतात. ज्या कणांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर असतो त्यांना नॅनोकण म्हणतात. मराठीत 'अब्जांश कण' असाही शब्द आहे.

एवढे बारीक कण करून मिळवायचे काय? एक हिशेब करू. चांदीचा एक घन घ्या. त्याची प्रत्येक बाजू १ सेंटिमीटर. त्याचे वजन १०.५ ग्रॅम, म्हणजे एका तोळ्याला थोडे कमी. घनाला सहा पृष्ठे, म्हणून एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर.

आता प्रत्येक बाजूचे दहा भाग होतील अशा रीतीने तो कापा. १,००० छोटे घन मिळतील. त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होईल. चांदी तेवढीच राहिली, पृष्ठफळ मात्र दहापट झाले. प्रत्येक छोट्या घनाची पुन्हा तशीच कापणी केली, तर पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. अशी कापणी एकूण सहा वेळा केली, की प्रत्येक घनाची बाजू १० नॅनोमीटर उरते आणि एकूण पृष्ठफळ ६० लाख चौरस सेंटिमीटर, म्हणजेच ६०० चौरस मीटर होते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा मुठीत मावणाऱ्या तोळाभर चांदीने जवळजवळ सहा गुंठे पृष्ठभाग दिला!

रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावर. आतल्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू मोकळी असते, म्हणून तो इतर पदार्थांशी संबंध जोडायला अधिक तयार असतो. १ सेंटिमीटरच्या घनात असा पृष्ठभागावरचा अणू सत्तर लाखांत एखादाच सापडेल. १० नॅनोमीटरच्या घनात सुमारे ५९,००० अणू असतात आणि त्यांतील दर सात अणूंमागे एक पृष्ठभागावर असतो. म्हणूनच चांदीचे नॅनोकण जखमेवरच्या काही पट्ट्यांत आणि पाणी शुद्ध करण्याच्या काही साधनांत वापरले जातात. अगदी थोडी चांदी तेथे पुष्कळ जीवाणूंना पुरून उरते.

चांदी पिवळी का दिसते?

बुरशी बाटलीत चांदीचे कण तयार करत असते, तेव्हा ते डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शीतूनही ते वेगवेगळे दिसणार नाहीत. मग कण तयार झाले हे कळते कसे? द्रावणाच्या रंगावरून.

सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळवले, तर द्रावण पाण्यासारखे रंगहीन असते. त्यात चांदीचे नॅनोकण तयार होऊ लागले, की ते पिवळसर होते आणि पुढे तपकिरी होत जाते. ताटाची चांदी पांढरी, मग पाण्यातली चांदी पिवळी का?

धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. प्रकाश म्हणजे विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांचा तरंग. असा तरंग नॅनोकणावरून जातो तेव्हा त्यातील विद्युत् क्षेत्र कणामधील सर्व मोकळ्या इलेक्ट्रॉनांना एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलते. परातीत पाणी घेऊन परात हलवली की पाणी जसे या काठाकडून त्या काठाकडे डचमळते, तसे हे इलेक्ट्रॉन कणात डचमळतात.

आता नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याला त्याच्याच तालावर धक्के दिले, तर तो उंच जातो. तालाबाहेर दिले, तर जात नाही. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात. नॅनोकणातील इलेक्ट्रॉनांच्या डचमळण्यालाही स्वतःचा ताल असतो. पाण्यातील चांदीच्या लहान गोल कणांसाठी तो सुमारे ४०० ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाशी जुळतो. हा जांभळा-निळसर प्रकाश. कण हा प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्या प्रकाशातून जांभळा-निळा भाग वजा झाला, की आपल्या डोळ्याला उरलेला प्रकाश पिवळा दिसतो.

सोन्याच्या कणांचा ताल ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा गेला, की द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अशा लाल द्रावणांचा अभ्यास मांडला. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, हे त्यांनी ओळखले होते. सोन्याचा हाच लाल रंग तुम्हीही कदाचित पाहिला असेल. करोनाच्या साथीत झटपट चाचणीसाठी ज्या पट्ट्या वापरल्या गेल्या, त्यांतील अनेक पट्ट्यांवर उमटणारी तांबडी रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच होती.

इलेक्ट्रॉन कोण देणार?

आता मूळ क्रियेकडे वळू. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी आयनाच्या रूपात असते. चांदीच्या आयनात अणूपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असतो. तो इलेक्ट्रॉन परत मिळाला, की पुन्हा चांदीचा अणू होतो:

चांदीचा आयन + इलेक्ट्रॉन → चांदीचा अणू

इलेक्ट्रॉन मिळण्याच्या या क्रियेला क्षपण म्हणतात. वरच्या वर्गात तुम्ही ग्लुकोजच्या साहाय्याने परीक्षानळीच्या आत चांदीचा आरसा तयार कराल. तेथे ग्लुकोज इलेक्ट्रॉन देते आणि चांदी काचेवर बसते.

नॅनोकणांसाठी एवढ्यावर भागत नाही. एकामागून एक अणू जमू लागले, की कण वाढतो. कणाला कण चिकटतो आणि शेवटी तळाशी करडा-काळा गाळ बसतो. तेव्हा कामे दोन आहेत. पहिले, आयनांना इलेक्ट्रॉन देणे. दुसरे, कण लहान असतानाच त्यांच्याभोवती आवरण घालून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणे.

रसायनशास्त्रज्ञ ही कामे निरनिराळ्या पदार्थांकडून करून घेतात. सोडियम बोरोहायड्राइड क्षणार्धात इलेक्ट्रॉन देते, पण ते जपून हाताळावे लागते. हायड्रॅझीन विषारी आहे. फॅरडे यांनी आपल्या प्रयोगांत कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेला फॉस्फरस वापरला होता. हे दोन्ही पदार्थ धोक्याचे. अर्थात रसायनशास्त्रज्ञाची प्रत्येक पद्धत विषारी असते असे समजू नका. १९५१ मध्ये टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराचे उकळते द्रावण घेऊन त्यात सोडियम सायट्रेट घातले आणि छान एकसारखे कण मिळवले. सायट्रेट हा लिंबातील आम्लाचा क्षार. येथे तोच इलेक्ट्रॉन देतो आणि तोच आवरणही घालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे हिशेब मांडताना ती लागणार आहे.

विषावर उपाय

सूक्ष्मजीवाने चांदीच्या भानगडीत का पडावे? कारण चांदीचे आयन त्याच्या दृष्टीने विष आहेत. ते पेशीतील प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांना घट्ट चिकटतात आणि पेशीची कामे बंद पाडतात. अशा वेळी जगण्याचा एक मार्ग म्हणजे आयनाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा धातू करून टाकणे. धातूचा कण एका जागी पडून राहतो. आयनाइतका तो पेशीत धुमाकूळ घालत नाही.

चांदीच्या खाणीत सापडलेला स्यूडोमोनास स्टुट्झेरी नावाचा एक जीवाणू हेच करतो. त्याच्या पेशीत २०० नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक साठतात, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. काही स्फटिक तर चक्क त्रिकोणी आणि षट्कोनी होते.

त्याच सुमारास पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी जीवाणूंऐवजी बुरशीकडे वळले. बुरशी वाढवायला सोपी. तिच्या तंतूंचा गोळा गाळून बाजूला काढता येतो. शिवाय ती आपले अन्न शरीराबाहेर पचवते. त्यासाठी पुष्कळ प्रथिने आणि विकरे बाहेर सोडते. विकर म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.

२००१ मध्ये या गटाने व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बुरशीचे तंतू चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवल्यावर तपकिरी झाले. त्यांचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिले, तेव्हा पेशीभित्तिकेच्या आतल्या बाजूला सरासरी २५ नॅनोमीटर व्यासाचे चांदीचे कण आढळले. एवढे होऊनही बुरशी मेली नाही. तिची वाढ पुढे चालूच राहिली.

पण एक अडचण होती. कण पेशीच्या आत अडकलेले. ते बाहेर काढायचे म्हणजे पेशी फोडायच्या, साफ करायच्या. श्रम वाढले, खर्च वाढला.

येथे आपली ओळखीची फ्युझेरियम ऑक्झिस्पोरम पुढे आली. २००२ मध्ये सोन्याचे आणि २००३ मध्ये चांदीचे नॅनोकण तिने पेशीच्या बाहेर, द्रावणातच तयार केल्याचे या गटाने दाखवले. ७२ तासांनी द्रावण तपकिरी झाले आणि ४१३ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाचे शोषण दिसू लागले. चांदीचे कण होते ५ ते १५ नॅनोमीटरचे. बुरशी गाळून काढली, की कण गाळलेल्या पाण्यात मिळतात. पेशी फोडायची गरज नाही.

या बुरशीने सोडलेल्या विकरांनी चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन दिले. हे इलेक्ट्रॉन विकरांपर्यंत आणून पोचवतो तो एन.ए.डी.एच. नावाचा रेणू, सजीव पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा जणू हमालच. नंतर बुरशीच्याच इतर प्रथिनांनी कणांना वेढले, त्यामुळे ते एकमेकांना चिकटले नाहीत. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कामे एकाच भांड्यात, नेहमीच्या तापमानाला, पाण्यात उरकली.

सजीव नको, त्याचा पदार्थ पुरे

मात्र आणखी एक पाऊल बाकी होते. काही पिकांना मर लावणाऱ्या जातीची बुरशी मोठ्या पिंपांतून वाढवायची, तर तिचा एकही बीजाणू बाहेर जाऊ नये म्हणून फार जपावे लागेल. शिवाय सजीव म्हटला की तो आज जसा वागला तसा उद्या वागेलच असे नाही. मग सजीव बाजूला ठेवून त्याने तयार केलेला पदार्थ तेवढा वापरला तर?

२००७ मध्ये पुण्यातल्याच संशोधकांनी हे करून पाहिले. त्यांनी फ्युझेरियमपासून नायट्रेट रिडक्टेज हे विकर वेगळे काढून शुद्ध केले. बुरशीच्या जीवनात या विकराचे काम नायट्रेटचे नायट्राइट करणे हे आहे; जमिनीतला नत्र वापरायची ती पहिली पायरी. हे विकर, इलेक्ट्रॉन पुरवणारा एन.ए.डी.पी.एच. हा रेणू आणि आवरणासाठी एक छोटे प्रथिनसदृश द्रव्य एवढेच चांदीच्या क्षाराबरोबर ठेवले. बुरशी नव्हती, तरी चांदीचे नॅनोकण तयार झाले. नत्र पचवणारे हत्यार चांदी घडवायलाही चालते हे त्यावरून सिद्ध झाले.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतच दुसऱ्या एका दिशेने काम झाले. त्यात अस्मिता प्रभुणे आणि बी. एल. व्ही. प्रसाद या शास्त्रज्ञांचा सहभाग होता. एका विशिष्ट जातीच्या किण्वाला, म्हणजे यीस्टला, साखर आणि तेलातील मेदाम्ल खाऊ घातले, तर ते सोफोरोलिपिड नावाचा पदार्थ तयार करते. त्याच्या रेणूचे एक टोक साखरेचे, पाण्यात रमणारे. उरलेली शेपटी मेदाम्लाची, पाण्यापासून दूर पळणारी. साबणाच्या रेणूची घडण अशीच असते. म्हणून सोफोरोलिपिडाला किण्वाने केलेला साबण म्हणायला हरकत नाही.

२००७ मध्ये कोबाल्टच्या नॅनोकणांना या पदार्थाचे आवरण घालण्यात आले. कोबाल्टच्या क्षाराचे क्षपण तेथे रासायनिक पदार्थानेच केले होते. २००८ मध्ये चांदीसाठी मात्र सोफोरोलिपिडानेच क्षपण आणि आवरण अशी दोन्ही कामे केली. तापमान बदलले किंवा सोफोरोलिपिडाच्या रेणूची घडण बदलली, तर कणांच्या आकारावर काय परिणाम होतो हेही तपासले गेले. ही बाब महत्त्वाची आहे. हवा तो आकार हव्या त्या वेळी मिळाला, तरच पद्धतीला पद्धत म्हणता येते.

तेव्हा या संशोधनाचा प्रवास असा झाला: प्रथम कण पेशीच्या आत, मग पेशीच्या बाहेर, आणि शेवटी पेशीशिवाय.

हिशेब मांडू

आता लेखाच्या सुरुवातीचा दुसरा प्रश्न घेऊ. ही पद्धत पर्यावरणाला अनुकूल आहे का? बाटलीवर हिरवे पान छापल्याने याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी जमाखर्च मांडावा लागतो.

जमेच्या बाजूला काय आहे ते आपण पाहिले. विषारी क्षपणकारक लागत नाही, घातक द्रावक लागत नाही, भट्टीची उष्णता लागत नाही. बुरशीसारखा सेंद्रिय पदार्थ कुजून मातीत जाऊ शकतो.

खर्चाची बाजूही पाहा.

पहिला खर्च, कच्चा माल. बुरशीला चांदीचा क्षार आपणच देतो. तो चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून करतात आणि त्या क्रियेत नायट्रोजन ऑक्साइडांचे विषारी वायू निघतात. चांदी खाणीतून येते. बुरशी वापरल्याने या दोन्ही गोष्टींत काही फरक पडत नाही. बुरशीने एक पायरी स्वच्छ केली, सगळा जिना नव्हे.

दुसरा खर्च, वेळ आणि पाणी. अशा प्रयोगांत साधारणपणे १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम ओली बुरशी घेतात. एक लिटर द्रावणात चांदी असते सुमारे ०.१०८ ग्रॅम. म्हणजे एक तोळा चांदीचे कण करायला सुमारे १०८ लिटर द्रावण आणि जवळजवळ ११ किलो ओली बुरशी लागेल. तेही सगळीच्या सगळी चांदी कणांत उतरली तर. ती बुरशी वाढवायला पोषक द्रव्य हवे, आणि वाढल्यावर ती शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या मुलांना पाणी खर्चाच्या बाजूला का लिहायचे हे समजावून सांगायला नको. सोडियम बोरोहायड्राइडने जे काम काही क्षणांत होते, त्याला येथे तीन दिवस लागतात, हेही लिहून ठेवा. आणि सायट्रेटसारखी सौम्य रासायनिक पद्धत शेजारी ठेवली, तर दोहोंतले अंतर आणखी कमी होते.

तिसरा खर्च सर्वांत मोठा आणि तो सर्वांत कमी मांडला जातो. कण तयार झाले, वापरले. पुढे ते जातात कुठे? चांदीचा नॅनोकण ओलाव्यात हळूहळू चांदीचे आयन सोडतो. जीवाणू आणि बुरशी मारण्याचे त्याचे सामर्थ्य बरेचसे यातूनच येते. कण बोरोहायड्राइडने केलेला असो की बुरशीने, त्यातून सुटणारा आयन एकच. जन्म हिरवा, म्हणून स्वभाव हिरवा असे होत नाही.

ही गोष्ट हरभऱ्याच्या शेतात नेऊन पाहा. चांदीचे नॅनोकण अनेक बुरशींची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसते. मग एखाद्याला वाटेल, हे कण शेतातच फवारले, तर मर रोग जाईल! पण हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत राहणारे रायझोबियम गटातील जीवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. हरभऱ्याला नत्राचे खत कमी लागते ते यांच्यामुळे. पेरणीपूर्वी आपले शेतकरी बियाण्याला रायझोबियम लावतात, आणि मर रोखण्यासाठी ट्रायकोडर्मा लावतात. ट्रायकोडर्मा हीसुद्धा एक बुरशी, पण ती रोगकारक बुरशीवर मात करते. चांदीच्या आयनाला यांतला मित्र कोण आणि शत्रू कोण हे कळत नाही. तो फ्युझेरियमला मारील, तसाच रायझोबियमलाही आणि ट्रायकोडर्मालाही. शिवाय चांदी हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, नाहीसे होत नाही. मातीत गंधकाशी संयोग पावून त्याचा बराचसा भाग कमी घातक होतो हे खरे. पण दरवर्षी टाकत गेलो, तर दरवर्षी साठतही जाईल. पावसाने जे वाहून जाईल ते रेणा नदीतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जाईल.

याचा अर्थ हे संशोधन वाया गेले असा नाही. जखमेच्या पट्टीवर, रोगनिदानाच्या पट्टीवर, जेथे कण मोजके लागतात आणि वापरानंतर गोळा करता येतात, तेथे सूक्ष्मजीवांच्या पदार्थांनी केलेले कण निश्चितच उपयोगी आहेत. उघड्या शेतात ओतण्याची गोष्ट वेगळी. कृषी सेवा केंद्रात हल्ली 'नॅनो' हा शब्द छापलेल्या बाटल्या दिसतात. त्यांतील प्रत्येकीत धातू असतोच असे नाही. अशी बाटली घरात आली, तर चार प्रश्न विचारा: आत नेमका कोणता पदार्थ आहे? तो तयार करताना काय काय लागले? वापरल्यावर तो कुठे जातो? आणि तो ज्याला मारतो, त्याखेरीज आणखी कोणाला मारतो? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज 'पर्यावरणपूरक' या शब्दावर विश्वास ठेवू नका.

करून पाहा

१. सारख्या वजनाचे गुळाचे दोन खडे घ्या. एक किसून बारीक करा, दुसरा तसाच ठेवा. सारख्याच पाण्याच्या दोन पेल्यांत दोन्ही एकाच वेळी टाका आणि न ढवळता कोणता आधी विरघळतो ते घड्याळ लावून पाहा. पृष्ठफळाचे महत्त्व लगेच ध्यानात येईल.

२. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा झोत सोडा. प्रकाशाची वाट पाण्यात स्पष्ट दिसेल. नुसत्या मिठाच्या पाण्यात ती तशी दिसणार नाही. न विरघळलेले बारीक कण प्रकाश विखुरतात, हे यावरून कळते. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. नॅनोकणांचे द्रावण हेही कलिलच.

३. घरच्यांना विचारून फुलोऱ्यावर आलेले हरभऱ्याचे एक निरोगी झाड मातीच्या गड्ड्यासह हळुवार उपटा. मुळे पाण्यात धुऊन गाठी मोजा. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर जीवाणू कामावर आहेत असे समजा. शेजारी मर लागलेले झाड मिळाले, तर त्याचे खोड चिरून दोन्हींची तुलना करा.

सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात आणि डोळ्यांना इजा होते. त्याचे प्रयोग घरी करू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

विचार करा

१. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ किती गुंठे होईल?

२. सोन्याच्या आयनात तीन इलेक्ट्रॉन कमी असतील, तर त्याचा अणू होण्यासाठी विकराला किती इलेक्ट्रॉन पुरवावे लागतील?

३. चांदीचे द्रावण पिवळे आणि सोन्याचे लाल दिसते. एखाद्या धातूच्या कणांनी फक्त तांबडा प्रकाश शोषला, तर त्याचे द्रावण साधारण कोणत्या रंगाचे दिसेल?

४. तुमच्या गावात सांडपाणी कुठे जाते? त्यात चांदीचे नॅनोकण मिसळले, तर ते कोणकोणत्या सजीवांपर्यंत पोचतील, याची साखळी काढा.